एप्रिलातला रेनकोट

सांगलीत हरभट रोडवरच्या एका दुकानात मी रेनकोट मागितला त्या दिवशी एप्रिलची 8 तारीख होती. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला. दुकानदार पंख्याखाली बसून कलिंगड खात होता. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग रस्त्यावरच्या उन्हाकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"काकू, पाऊस कुठं दिसला तुम्हाला?"

माल सगळा माळ्यावर होता. मे अखेरीला या म्हणाला, भरपूर व्हरायटी येईल. मी म्हटलं, मे अखेरीला मी जाऊन परत आलेली असेन. मग त्यानं पोराला माळ्यावर चढवलं आणि मागच्या वर्षीच्या धुळीसकट दोन जोड खाली आले, दुचाकीवाले घालतात तसले, जाड, निळे, आत रबराचा वास. मी दोन्ही घेतले. घरी येऊन ह्यांना घालून बघायला लावला. दोन मिनिटांत घामानं निथळत बाहेर आले आणि म्हणाले, "पावसात ह्याच्या आतच जास्त भिजायला होईल." ते चेष्टेत बोलले होते, पण पुढं तेच खरं ठरलं.

लेक-जावई ग्लासगोला असतात. तीन वर्षं "या, या" चाललं होतं, यंदा जमलं. 22 एप्रिल ते 17 मे. आठ-दहा दिवस त्यांच्या घरी, मग पश्चिमेकडच्या मल आणि आयोना या बेटांवर चार दिवस, मग पुन्हा घरी. व्हिसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मागितलं ते दिलं, बोटं दाबली, व्हिसा आला. बॅग भरायला मात्र दोन आठवडे लागले, आणि त्याचं कारण माझा गर्व.

मी 34 वर्षं पोस्टात काढली, त्यातली निम्मी पार्सलच्या खिडकीवर. कापडात शिवून, लाख लावून आलेली पार्सलं हातात घेतली की वजन सांगायची, काटा नंतर बघायचा. फरक पडला तर पाच-दहा ग्रॅमचा. तेव्हा सामान बांधण्याबद्दल मला कोणी शिकवावं हे काही मला पटण्यासारखं नव्हतं. पहिली बॅग मी एका दुपारीत भरून टाकली: ते निळे जोड, तीन छत्र्या, माझ्या सहा सुती साड्या, ह्यांच्या दोन जीन्स, सुती सदरे, दोन टर्किश टॉवेल, हातानं विणलेले स्वेटर, आणि उरलेल्या जागेत भडंग. रात्री व्हिडिओ कॉलवर लेकीला अभिमानानं दाखवली.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, यातला भडंग तेवढा ठेव."

आमचा वाद सुरू झाला तो पावसावरून. मी म्हटलं, पावसाचं आम्हाला काय सांगतेस? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आम्ही तिथं भर जुलैत जाऊन आलोय, साडी नेसून. तुमच्या ग्लासगोत किती पडतो? जावयांनी मागून सांगितलं, बाराशेच्या आसपास. आणि लंडनला तर सहाशे, म्हणजे आपल्या सांगलीएवढाच. मी जिंकल्यासारखी ह्यांच्याकडं बघितलं.

लेक म्हणाली, "आई, भिजण्याचं सोड. वाळण्याचं काय?"

तिचं म्हणणं असं. सांगलीचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि तो कोमट असतो. भिजलं तरी घरी येऊन डोकं पुसलं की झालं. तिथं तो बारा महिने थोडा थोडा चालूच. एप्रिल-मे त्यातल्या त्यात कोरडे, पण त्या दिवसांत दुपारी 12-16 अंश, रात्री 4-7. मॉस्को आणि ग्लासगो जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांमुळं ग्लासगोत मॉस्कोसारखी थंडी पडत नाही, पण तेच वारे पाऊसही घेऊन येतात, आणि बेटांवर तो वरून कमी, बाजूनं जास्त येतो. सुती कपडा एकदा भिजला की पाणी धरून बसतो, अंगाची ऊब ओढून घेतो, आणि त्या हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. सकाळी ओला झालेला माणूस दिवसभर ओलाच.

वाळण्याचा विषय निघाला आणि मी गप्प झाले, ते वेगळ्या कारणानं. आमचं घर गावभागात. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेनं आयर्विन पुलाजवळ 57 फुटांची पातळी ओलांडली. तिथं धोक्याची खूण 45 फुटांवर आहे. त्या रात्री अर्ध्या तासात जे हाताला लागलं ते बांधून आम्ही विश्रामबागेत नणंदेकडं गेलो. पाणी घरात किती वेळ होतं यापेक्षा मला लक्षात राहिलंय ते नंतरचं वाळवणं. सासूबाईंनी शिवलेली एक गोधडी होती, जुन्या लुगड्यांची, सात थरांची. ती दोघांना उचलेना इतकी जड झाली होती. अकरा दिवस गच्चीवर टाकली, उलटली, पुन्हा टाकली. मधेच सर आली की आत. वाळली शेवटी, पण तिचा कुबट वास काही गेला नाही. सुती कापड पाणी धरतं म्हणजे काय, हे मला लेकीनं सांगायची गरज नव्हती. मी ते विसरले होते, एवढंच.

तरी पोस्टातली सवय. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात प्रयोग केला. ह्यांची जीन्स, माझी एक सुती साडी, त्यांची पायी फिरायला जायची सिंथेटिक पँट आणि एक लोकरी मफलर, चारही कोरडे असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले, भिजवले, पिळले, पुन्हा तोलले. जीन्स 680 ग्रॅमची 1 किलो 300 झाली. सिंथेटिक पँट 240 ची 330. मग दार-खिडकी बंद करून, खाली पाण्यानं भरलेली घंगाळं ठेवून आतच वाळत घातले, म्हणजे हवा ओली राहील. संध्याकाळपर्यंत पँट कोरडी. साडीचा पदर कोरडा, निऱ्यांकडची बाजू ओली. जीन्स दुसऱ्या दिवशीही कमरेपाशी ओली. मफलर दमट होता, पण गळ्याला लावला तर गार लागेना. लोकरीचा हा गुण ऐकून होते, गळ्याला त्या दिवशी कळला. हे दारात उभं राहून म्हणाले, "रिटायर झालीस ते बरं झालं, नाहीतर पोस्टातली पार्सलं भिजवली असतीस."

मग मी लेकीचं सगळं ऐकलं. निदान बरंचसं.

एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन पातळ. अंगाला लागून घाम शोषणारा पण चटकन वाळणारा, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीस नावाच्या लवदार सिंथेटिक कापडाचा, आणि सगळ्यावर पातळ वॉटरप्रूफ जाकीट. ऊन पडलं की सोलायचं, ढग आले की चढवायचं. लेक म्हणाली, कांद्यासारखं. जाकिटाची भानगड मात्र मला नवी होती. दुकानात "वॉटरप्रूफ" म्हणून विकलेलं निम्मं सामान नुसतं पाणी थोपवणारं असतं, रिमझिमीपुरतं. खरं जाकीट ओळखायचं ते आतली बाजू उलटी करून: शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली पाहिजे, नाहीतर पाणी सुईच्या भोकांतून येतं. टोपी जाकिटालाच जोडलेली आणि दोरीनं आवळता येणारी. लांबी बसल्यावरही कंबर झाकेल एवढी. आणि कापडातून घामाची वाफ बाहेर जाणारी. नाहीतर ह्यांनी सांगितलं तसं, आतून भिजणं.

असली जाकिटं काही सांगलीत एप्रिलात मिळाली नाहीत. पुण्याला ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो, तिथं मिळाली. त्या दोन निळ्या जोडांपेक्षा सहापट महाग. निळे जोड भाचा आणि भाचेसूनेला दिले, जूनमध्ये ते दुवा देतील.

साडीचा प्रश्न उरला. एकसष्ट वर्षांत मी पँट घातली नव्हती. पोस्टात सायकलवरून गेले तीही साडीतच. लेकीनं आग्रह केला नाही, फक्त विचारलं, बोटीवर चढताना निऱ्या एका हातात, पर्स दुसऱ्या हातात, मग कठडा कशानं धरणार? त्याला उत्तर नव्हतं. एका दुकानात जाऊन ट्रायल रूममध्ये काळी पँट घातली. आरशात बघितलं तर आमचे वडीलच उभे. तेच पाय, तेच किंचित आत वळलेले गुडघे. इतकी वर्षं साडीत ते लपून राहिले होते. दोन घेतल्या. हे काही बोलले नाहीत, फक्त घरी येताना रिक्षात म्हणाले, "खिसे आहेत का त्याला?" होते. हा साडीवरचा तिचा एक मोठाच फायदा निघाला. एक रेशमी साडी तरीही घेतली, कुणाकडं जेवायला जायचं झालं तर. रेशमी साडी घडी घातली की जागा खातच नाही.

बुटांनी सगळ्यात जास्त करमणूक केली. घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट घेतले, आणि नवीन बूट घालून परदेशात पहिला दिवस काढायचा नाही, पायाला फोड येतात, आधी ते इथंच वापरून मऊ करायचे, असा हुकूम आला. म्हणून आम्ही दोघं आठवडाभर रोज सकाळी आमराईत लोकरीचे मोजे आणि हे बूट घालून फेऱ्या मारत होतो. एप्रिलात. नेहमीची फिरायला येणारी मंडळी पहिल्या दिवशी नुसती बघायची. तिसऱ्या दिवशी एकानं विचारलंच, "हिमालय का?" ह्यांनी अभिमानानं "स्कॉटलंड" म्हणून सांगितलं तर ते म्हणाले, "मग इथं कशाला त्रास करून घेताय, तिथंच घाला की." ह्यांच्या उजव्या टाचेला आमराईतच फोड आला. म्हणजे सल्ला बरोबर होता.

खाण्याचं सामान हा माझा प्रांत, तिथं मी लेकीलाही शिरू दिलं नाही, पण नियमांना शिरू द्यावं लागलं. दूध आणि दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, घरचं तूप बाद.   आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. इतकी वर्षं डब्यात ठेवतो आपण, मला कधी भीती वाटली नव्हती. शेवटी उरलं ते अस्सल सांगलीचं: हळद, बेदाणे, शेंगदाण्याची चटणी, आणि भडंग. भडंगाचं गणित पोस्टातही कोणी घातलं नसेल. वजन काहीच नाही आणि जागा मात्र बॅगभर. अर्धा किलो भडंगात दोन फ्लीस मावले असते. मी चुरमुरे न नेता नुसता भडंगाचा मसाला, तळलेले शेंगदाणे आणि लसूण नेला. चुरमुरे ग्लासगोच्या भारतीय दुकानात मिळतात. बेदाण्यांच्या पुड्या ह्यांच्या जादा बुटांच्या पोटात भरल्या. बूट तसेही रिकामे जातात.

बाकीचं भराभर सांगते. गोळ्या, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही हातातच, मोठ्या बॅगेत चालत नाही. तिकडचे प्लग तीन चपट्या पायांचे, त्यासाठी अडॅप्टर. एक छोटा प्लॅस्टिकचा मग, कशासाठी ते सांगायला नको. बॅगेच्या आतून एक जाड मोठी प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी, कपडे तिच्यात, तोंडाला पीळ. बाहेरून घालायच्या कव्हरांवर माझा विश्वास नाही, पाणी खालून शिरतं हे आम्ही गावभागातल्यांनी बघितलंय. कागदपत्रं तशाच पिशवीत. ती पुरानंतर कायमचीच तशा पिशवीत आहेत. डासासारखे चावणारे बारीक किडे, मिजेस, तिथं मेच्या मध्यानंतर सुरू होतात, त्यामुळं जाळीची टोपी वाचली. गोचीड मात्र वसंतातच असतात, म्हणून गवतातून चालताना पँटचे पाय मोज्यांत खोचायचे. पुन्हा साडीची हार.

आमच्या तिकिटावर माणशी 23 किलो. हातानं उचलून मी सांगितलं, साडेबावीस. काट्यावर 24 किलो 100. पोस्टातली पहिली मोठी चूक, तीही निवृत्तीनंतर. टॉवेल काढले, दोन छत्र्या काढल्या, एक राहू दिली. ह्यांच्या बॅगेत नेमकी 23 भरली आणि मी उघडून बघितलं नाही. ते बघायला हवं होतं.

ग्लासगोला उतरलो तेव्हा ऊन होतं, लख्ख, आणि रात्री नऊ वाजताही पुस्तक वाचता येईल एवढा उजेड. मी जावयांकडं बघितलं. ते म्हणाले, "थांबा." सकाळपर्यंत सगळं राखाडी. पाऊस म्हणावा तर पडत नव्हता, नाही म्हणावं तर चेहरा ओला. अशा दिवसाला तिकडं ड्रीख म्हणतात. हा शब्द तोंडात घोळवला की हवा कशी असेल ते बरोबर कळतं. पहिल्याच रेनकोटाची गोष्ट जावयांनी त्याच सकाळी सांगितली. ग्लासगोच्याच चार्ल्स मॅकिंटॉशनं 1823 साली दोन कापडांच्या मधे नॅफ्थात विरघळवलेलं रबर घालून पाणी न शिरणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. म्हणून रेनकोटाला आजही मॅकिंटॉश म्हणतात. त्याचे सुरुवातीचे कोट थंडीत कडक व्हायचे आणि उन्हात चिकट. हरभट रोडवर एप्रिलात तसा एखादा घातला असता तर सोलूनच काढावा लागला असता.

ओबानहून मलला जाणारी बोट पाऊण तासाची. डेकवर मी छत्री उघडली, एवढ्यासाठीच तर ती राहू दिली होती. ती एका क्षणात उलटी झाली, दोन काड्या तुटल्या, आणि बाजूच्या बाकावरचे एक स्कॉटिश आजोबा अगदी समजुतीनं मान हलवून हसले. बोटीवरच्या दुसऱ्या कुणाच्याही हातात छत्री नव्हती. क्रेगन्युअरला उतरून एका गाडीपुरत्या रस्त्यानं दीड तास, मग छोट्या बोटीनं दहा मिनिटं, की आयोना. तिथं पाहुण्यांच्या गाड्या नेत नाहीत, पायीच फिरायचं. संत कोलंबा 563 साली आयर्लंडहून ज्या बेटावर आला ते हे. मठाच्या दगडी भिंतीपाशी पोचेपर्यंत पाऊस आडवा लागला. जाकिटावर थेंब ताडताड वाजत होते आणि आत मी कोरडी. मान कोरडी, कंबर कोरडी. पँट गुडघ्याखाली भिजली ती चहा पिऊन होईपर्यंत अंगावरच वाळली. वीस मिनिटांनी असं ऊन पडलं की मेंढ्यांच्या पाठीवरून वाफा निघायला लागल्या.

चुकाही झाल्याच. हातमोजे नेले नव्हते, एप्रिल म्हणून. बोटीच्या कठड्याला धरलेले हात लाल झाले. उन्हाचा चष्मा नेला नव्हता, पाऊस म्हणून. पाच-साडेपाचला खोलीत उजेड शिरायचा, डोळ्यांवर बांधायला काही नव्हतं, मफलर बांधला. आणि ह्यांची खोबरेल तेलाची बाटली. ते 24 अंशांच्या खाली गोठतं, हे सांगलीत थंडीच्या सकाळी बघितलेलं असूनही डोक्यात आलं नाही. रोज सकाळी बाटली खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवून वितळायची वाट बघत हे उभे.

लेकीचं घर जुन्या दगडी इमारतीत, चौथ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या छताला लाकडी दांड्यांची एक चौकट टांगलेली आहे, दोरीनं खाली ओढायची, कपडे घालायचे, पुन्हा वर. तिला ते पुली म्हणतात. मी बघितली आणि हसायलाच आले. आमच्या जुन्या वाड्यात माजघराच्या आढ्याला अशाच दांड्या होत्या. सासूबाई काठीनं लुगडं उचलून पावसाळ्यात वर टाकायच्या, आणि दोन दिवस घरभर ओल्या सुताचा वास. लेकीला हे आठवत नव्हतं, ती लहान होती.

बेटावरून परतलो त्या संध्याकाळी सगळ्यांचे कपडे त्या पुलीवर घातले. माझ्या पँटी, मोजे, सदरे सकाळपर्यंत वाळले. मधोमध मात्र एक निळी जीन्स लोंबत होती. मी ती बॅगेत भरलेली नव्हती. ह्यांच्याकडं बघितलं तर ते चहात पाव बुडवण्यात गर्क. त्यांनी ती स्वतःच्या बॅगेत, तळाशी, बेदाण्यांच्या बुटांखाली दडवून आणली होती आणि आयोनाला वॉटरप्रूफ पँटच्या ऐवजी तीच घातली होती. दुसऱ्या दिवशी ती ओली होती. तिसऱ्या दिवशी कमरेपाशी ओली होती. चौथ्या दिवशी दुसरा पाऊस लागला आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

निघायच्या दिवशीही ती पूर्ण वाळली नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेतली, 900 ग्रॅम. तेवढ्यासाठी लेकीनं दिलेला बिस्किटांचा एक डबा मागं ठेवावा लागला. सांगलीत पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. कुलूप उघडलं, चप्पल काढायच्या आधी गच्चीवर गेले आणि जीन्स दोरीवर टाकली. खाली येऊन वरण-भाताचा कुकर लावला. तिसरी शिट्टी झाल्यावर वर गेले तर ती वाळून कडक झालेली, हात लावला तर चटका बसला.